उंबऱ्याच्या आतली हवा

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला तो ‘बंद खोलीतली हवा’, आणि टिपणातला पहिलाच शब्द होता व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. शहरातल्या वाचकाला त्यातलं दुखणं चटकन कळतं. वातानुकूलित कचेरीत, गाडीत, वसतिगृहाच्या खोलीत एकजण ते यंत्र ओढतो, स्ट्रॉबेरीच्या वासाचा ढग सोडतो आणि शेजारच्याला तो निमूट घ्यावा लागतो. त्यात अपाय किती, यावर वाद घालता येईल; शेजारच्याला कुणी विचारलं नव्हतं, यावर घालता येणार नाही. हा प्रश्न घेऊन गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भामरागडला जाणं वरवर विक्षिप्तच. ‘जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणा’च्या २०१६-१७ च्या फेरीत देशातल्या जेमतेम ३ टक्के प्रौढांनी ई-सिगारेटचं नाव ऐकलेलं होतं. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले, तर तंबाखू खाणारे २४.४ टक्के. गडचिरोलीत तंबाखू म्हणजे मुख्यतः खर्रा: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून घोटलेला. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो, गावच्या भिंती रंगतात, पण शेजारी बसलेल्या माणसाच्या फुप्फुसात त्यातलं काही जात नाही. मग तिथे बघायचं काय?

बघायचं ते संध्याकाळी, घराच्या आत. अलापल्लीहून निघालेला जंगलातला रस्ता हेमलकशावरून भामरागडला पोचतो. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती इथे एकत्र येतात आणि पलीकडे छत्तीसगड सुरू होतं. हेमलकशाला बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हापासून मराठी वाचकाला हा मुलूख नावाने ठाऊक आहे. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. जुन्या वळणाचं घर म्हणजे बांबूच्या ताट्यांवर माती लिंपलेल्या भिंती, वाकून शिरावं लागेल असं दार, खाली उतरत आलेलं छप्पर. खिडकी बहुधा नाहीच. आत तीन दगडांची चूल. दिवेलागणीला ती पेटते आणि धूर आधी सरळ वर जातो, आढ्याला थडकतो, मग थर धरून हळूहळू खाली उतरू लागतो. उभ्या माणसाचे डोळे चुरचुरतात, बसलेल्याचे कमी. म्हणून आत आलेला प्रत्येकजण सवयीने खालीच बसतो. अपवाद एकच, जी रांधते ती. तिला भांड्यावर वाकावं लागतं, ओलं लाकूड फुंकावं लागतं, आणि पुष्कळदा तिच्या कडेवर किंवा मांडीवर तान्हं मूल असतं. चुलीवरच्या आढ्याचे बांबू काजळीने लाखेसारखे काळे, चकचकीत झालेले. त्यांना मक्याची कणसं, बियाण्याची गाठोडी टांगलेली. धुराने कीड लागत नाही म्हणून.

दुसऱ्याने केलेला धूर आपल्या छातीत जाणं, हा विचार जगाने सिगारेटीवरून शिकला आणि आता तो व्हेपला लावला जातो आहे. माझं म्हणणं असं, की या विचाराची खरी कसोटी भामरागडच्या चुलीपाशी लागते. तिथे बंदी घालायला कुणी चैनबाज नाही, दंड कुणाला करायचा हा प्रश्नच हास्यास्पद आहे, आणि तरीही न विचारता धूर घ्यावा लागणारा माणूस आहेच. बहुतेकदा तो दोन वर्षांचाही नसतो. अशा वेळी त्या तत्त्वाचा अर्थ मनाई असा उरत नाही, पुरवठा असा होतो. आपल्या कायद्याला मनाई जमते. पुरवठा जमत नाही.

ढग आणि धूर

आधी व्हेपचं काय ते समजून घेऊ. त्यात काही जळत नाही. बॅटरीवर तापणारी एक तारेची गुंडाळी, तिच्याभोवती भिजलेला कापूस, आणि द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन व वासाची रसायनं. गुंडाळी तापली की द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब होतात, ओढणारा ते आत घेतो आणि उरलेले बाहेर सोडतो. सिगारेटीचं तसं नाही. दोन झुरक्यांच्या मधे ती बोटांत धुमसतच असते आणि शेजाऱ्याच्या वाट्याला येणारा बराचसा धूर त्या पेटत्या टोकाचा असतो, ओढणाऱ्याच्या तोंडातला नसतो. व्हेप झुरक्यांच्या मधे गप्प बसतं. त्याचे थेंब विरूनही लवकर जातात. म्हणून बंद खोलीत शेजाऱ्याला व्हेपपासून मिळणारी मात्रा सिगारेटीपेक्षा पुष्कळ कमी असते. शून्य मात्र नसते. निकोटिन, सूक्ष्म कण आणि काही त्रासदायक वायू त्या हवेत मोजता येतात, आणि लहान मुलाने किंवा गरोदर बाईने ते थोडेसेही का घ्यावेत याला उत्तर नाही.

आता याच मापाने चूल मोजू. २०१६ साली गरीब घरांना गॅसजोडणी देणाऱ्या उज्ज्वला योजनेची घोषणा करताना केंद्र सरकारने एक वाक्य वापरलं होतं: स्वयंपाकघरात उघडी चूल पेटवणं म्हणजे तासाला ४०० सिगारेटी जाळण्यासारखं आहे. वाक्य भाषणात टाळ्या घेतं आणि म्हणूनच ते जरा तपासून घेतलं पाहिजे. त्याचा अर्थ रांधणारी बाई ४०० सिगारेटी ओढते असा नाही; चूल तेवढ्या सिगारेटींइतके कण हवेत सोडते एवढाच आहे. त्यातले किती कुणाच्या छातीत जातात, हा पुढचा प्रश्न, आणि तोच महत्त्वाचा. या प्रश्नावर आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे कर्क स्मिथ. कॅलिफोर्नियाच्या या शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत बायकांच्या अंगावर यंत्रं लावून चुलीच्या धुराची मोजमापं केली. तोवर प्रदूषण म्हणजे गिरणीचं धुराडं, अशीच सगळ्यांची समजूत होती. स्मिथ यांनी हिशेबाची दिशा उलटवली: किती धूर निघाला यापेक्षा निघालेल्यातला किती श्वासात गेला ते बघा. वीज केंद्राच्या उंच धुराड्यातून निघालेल्या एका ग्रॅमपेक्षा घरात निघालेला एक ग्रॅम माणसाच्या फुप्फुसात पोचण्याची शक्यता ढोबळमानाने हजार पट जास्त असते. कारण साधं आहे. धुराडं आकाशात उघडतं, चूल नाकासमोर.

म्हणूनच व्हेप, सिगारेट आणि चूल यांची जात शास्त्राच्या दृष्टीने एकच आहे. छोटा उगम, छपराखालची थोडी हवा, जवळ बसलेली माणसं. फरक मात्रेचा, आणि त्यात चूल कितीतरी पुढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० साली घरातल्या इंधनाच्या धुराने जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत २ लाख ३७ हजारांहून अधिक पाच वर्षांखालची मुलं होती.

देवरांची याचिका आणि देवरांचं खातं

दुसऱ्याचा धूर हा गुन्ह्याच्या कक्षेत कसा आला, ती गोष्ट मुंबईतून जाते. १९८१ साली ताकेशी हिरायामा या जपानी शास्त्रज्ञाने ९१ हजारांहून अधिक विवाहित, स्वतः न ओढणाऱ्या बायकांची १४ वर्षांची पाहणी छापली. ज्यांचे नवरे भरपूर सिगारेटी ओढत त्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त झाला होता. सिगारेट कंपन्यांनी त्या निबंधावर तुटून पडून पाहिलं, पण तो टिकला. घरातली हवा हा दोन माणसांमधला व्यवहार आहे आणि त्यात एकजण विनासंमती भरडला जातो, हे त्यानंतर नाकारणं अवघड झालं. आपल्याकडे दक्षिण मुंबईचे खासदार राहिलेले मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालयं, शाळा, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. आधार होता घटनेच्या २१व्या कलमाचा: न ओढणाऱ्याचं जगणं दुसऱ्याच्या धुरामुळे का धोक्यात यावं? पुढे २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा आला, २००८च्या गांधी जयंतीपासून सार्वजनिक ठिकाणची बंदी कडक झाली, दंड २०० रुपयांपर्यंत. २०१९ मध्ये ई-सिगारेटवर थेट बंदी आली. उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठा, जाहिरात, सगळ्याला. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मला या बंदीबद्दल तक्रार नाही. शाळकरी पोरांच्या दप्तरात पेनासारखी यंत्रं सापडू लागली होती आणि सरकारने वेळेत दार लावलं. पण दार लावणं किती सोपं होतं, हेही बघावं. वापरणारे मूठभर, देशी कारखाना जवळजवळ नाही, बुडणारा रोजगार नाही. शिवाय कायद्याने वस्तू पकडली, हवा नाही: यादीत साठा आहे, विक्री आहे, घरात बसून ओढणं त्या यादीत नाही. धूम्रपानबंदीही उंबऱ्याशी थांबते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २००९ची हवेची मानकं, सूक्ष्म कणांसाठी वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तीही बाहेरच्या हवेसाठी. माणूस दिवसातला जास्त वेळ जिथे असतो त्या हवेला कायद्यात मालक नाही.

देवरांच्या चरित्रात मात्र एक जोड आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही. २००६ ते २०११ ते केंद्रात पेट्रोलियम मंत्री होते आणि त्यांच्याच काळात, ऑक्टोबर २००९ मध्ये, खेड्यापाड्यांत गॅस पोचवण्यासाठी राजीव गांधी ग्रामीण एलपीजी वितरक योजना सुरू झाली. ज्याने दुसऱ्याच्या सिगारेटीचा धूर न्यायालयात नेला त्याच्याच खात्याकडे चुलीचा धूर कमी करण्याचं हत्यार होतं. पण पहिली गोष्ट हक्क म्हणून आली आणि दुसरी योजना म्हणून. हक्क नाकारला तर न्यायालयात जाता येतं. योजना नाकारली गेली तर पुढच्या वर्षीच्या यादीची वाट बघायची असते.

पावसाळ्यात तिन्ही गाठी एकत्र

उज्ज्वलाने जोडण्या दिल्या, हे मान्य करायलाच हवं. १ मे २०१६ ला बलियाला सुरुवात झाली. आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ ला तेव्हाच्या औरंगाबादेत, महाराष्ट्राच्या भूमीवरच दिली गेली. इतक्या थोड्या वेळात इतक्या घरांत शेगडी पोचवणं हे लहान काम नाही. पण शेगडी म्हणजे हवा नव्हे. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये हिशेब काढला तेव्हा उज्ज्वलाचं कुटुंब वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरून घेत होतं. नंतर अनुदान वाढलं, २०२३-२४ मध्ये आकडा ३.९५ वर आला. सगळा स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या पाच माणसांच्या घराला आठ-दहा तरी लागतात. म्हणजे उरलेले महिने चूल आहेच. आणि बहुतेक घरांत दोन्ही एकाच दिवशी चालतात, चहा शेगडीवर, भात चुलीवर.

वर्षाची सरासरी भामरागडबद्दल फार थोडं सांगते. इथे ऋतू बघावा लागतो. उन्हाळ्यात चूल अंगणात असते, लाकूड कोरडं खडखडीत, आणि धूर जंगलात विरतो. हिवाळ्यात लोक शेकोटीभोवती झोपतात आणि रात्रभर निखारा धुमसतो. ज्वाळा नसली की धूर वर उचलला जात नाही, जमिनीलगत रेंगाळतो, आणि तिथेच तर माणसं झोपलेली असतात. पण खरी कोंडी पावसाळ्यातली. जूनच्या मध्यापासून लाकूड भिजतं. ओल्या लाकडातली उष्णता आधी पाणी उडवण्यात खर्च होते, ज्वाळा नीट धरत नाही, अर्धवट जळतं आणि धूर दुपटीने होतो. अंगणातली चूल आत आलेली असते, झडीमुळे दार लोटलेलं असतं. आणि याच दिवसांत पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड अलापल्लीपासून तुटतं. तालुक्यातल्या लाहेरी, बिनागुंडा, नेलगुंड्याकडच्या वस्त्या भामरागडपासूनही तुटतात. नाल्यांना पूल नाहीत तिथे सिलिंडर घेऊन कोण येणार? एरवीसुद्धा गाडी जिथवर येते तिथून पुढे ते मोटारसायकलला नाहीतर सायकलला बांधून न्यावं लागतं. सर्वांत जास्त धूर, सर्वांत बंद घर आणि सर्वांत तुटलेला पुरवठा, या तिन्ही गाठी एकाच दोन-तीन महिन्यांत पडतात. लहान मुलांच्या खोकल्या-तापाचेही हेच महिने.

यातही सगळ्यांत कोंदट जागेचं नाव घ्यायला हवं. माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बायका कुरमाघरात राहतात. गावाच्या कडेला बांधलेली लहानशी झोपडी, बहुधा दुरुस्तीविना पडलेली. तिच्यावर लिहिणारे लोक प्रथेवर लिहितात, ते योग्यच. हवेवर कुणी लिहीत नाही. तेवढ्या जागेत ओल्या रात्री ऊब म्हणून जाळ केला तर धुराला वाट एकच, दाराची, आणि तेही पावसासाठी लावलेलं.

डास, फटी आणि फुकटचं लाकूड

यावर पहिला आक्षेप गावातूनच येतो आणि तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे. धूर उपयोगी आहे. त्याने डास पळतात, छपराला वाळवी लागत नाही, बियाणं टिकतं. भामरागड हा हिवतापाचा मुलूख. तिथे डासांचा मुद्दा हसण्यावारी नेता येणार नाही. छपराचं आणि बियाण्याचं खरंच आहे, काजळी बसलेला बांबू जास्त टिकतो. डासांचं मात्र तितकंसं खरं नाही. घरातल्या धुराने हिवताप कमी होतो का, यावरच्या अभ्यासांचा आढावा २००७ मध्ये घेतला गेला, त्यात भक्कम पुरावा काही सापडला नाही. धूर डासाला त्रास देतो, पण रात्री दहानंतर चूल विझते आणि डास चावायचे ते तेव्हाच चावतात. त्या कामासाठी आरोग्य खातं औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटतं, त्या वापरल्या जाव्यात. बाजारातून मच्छर अगरबत्ती आणणं हा तर आगीतून फुफाट्यात जाण्याचा मार्ग: २००३च्या एका अभ्यासात एका अगरबत्तीतून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. बियाणं धुरावर ठेवायचं असेल तर ते अंगणातल्या मांडवातही ठेवता येतं. त्यासाठी मुलाला धुरात ठेवायची गरज नाही.

दुसरा आक्षेप शहरातल्या आदिवासीप्रेमी मंडळींचा असतो. पारंपरिक घर श्वास घेतं, बांबूच्या फटींतून हवा खेळते, धुराचा बाऊ ही बाहेरच्यांची नजर आहे, असं ते म्हणतात. यात अर्धं सत्य आहे. ताटीच्या भिंतीचं घर सिमेंटच्या खोलीपेक्षा खरोखर बरं. पण म्हणूनच काळजी वाढते, कारण घर बदलतं आहे. घरकुल योजनेतल्या पक्क्या भिंतीला फट नसते, वर पत्रा किंवा स्लॅब, आणि चूल जुनीच. ज्यांनी घरकुलाचा नकाशा काढला त्यांनी चूल कुठे जाणार हे विचारलेलं दिसत नाही. वळचणीखाली हातभर मोकळी जागा, चुलीवर धुराचं तोंड, एवढं सुचायला जागतिक तज्ज्ञ लागत नाहीत. महाराष्ट्रात तर याची परंपरा आहे: १९८३ ते २००२ या काळात निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला, आणि पुण्याच्या ‘आरती’ संस्थेच्या लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी या चुली त्या काळातल्याच. पुष्कळ ठिकाणी त्या वर्षा-दोन वर्षांत मोडल्या, धुराडी काजळीने तुंबली, साफ करायला कुणी आलं नाही. चूल बसवल्याची नोंद होती. चूल चालू असल्याची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती. उज्ज्वलाचं दुखणं तेच आहे, फक्त चूल बदलली.

तिसरा आक्षेप सरळ पैशाचा. लाकूड फुकट आहे. फुकट म्हणजे बाईच्या अर्ध्या दिवसाचं, डोक्यावरच्या मोळीचं. घरच्या हिशेबात तिच्या वेळेला भाव नसेल तर सिलिंडर महागच वाटणार. इथे युक्तिवाद करून उपयोग नाही, भाव पाडूनच हा आक्षेप संपतो.

प्रयोगांनी दिलेला धक्का

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र विज्ञानातून आला आहे आणि चुलीच्या विरोधात बोलणारे बरेचजण तो सोयीने गाळतात. धूर कमी केला तर मुलं वाचतात, हे थेट प्रयोगाने दाखवायला गेलेले हात हलवत परतले. ग्वाटेमालात धुराडं असलेल्या चुली दिल्या, २०११ मध्ये निष्कर्ष आले: तीव्र न्यूमोनिया घटला, पण डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी उतरली नाही. मलावीत सुधारित चुलींनी २०१७ मध्ये काहीच फरक दाखवला नाही. मग सगळ्यांत मोठा प्रयोग झाला, ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपला तमिळनाडू अशा चार ठिकाणी. सुमारे ३,२०० गरोदर बायका. निम्म्यांना शेगडी आणि दीड वर्ष गॅस, दोन्ही फुकट. त्यांच्या श्वासातल्या सूक्ष्म कणांची पातळी चुलीवाल्या गटातल्या ७० मायक्रोग्रॅमच्या तुलनेत २४ वर होती. तरीही बाळांच्या जन्मवजनात म्हणावा असा फरक नाही, आणि पहिल्या वर्षातल्या तीव्र न्यूमोनियातही नाही.

मग हा सगळा खटाटोप व्यर्थ? तसं वाटत नाही. २४ मायक्रोग्रॅमसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक मर्यादेच्या, म्हणजे ५ च्या, जवळजवळ पाचपट आहे. शेजारची चूल, रस्त्याकडेचा कचरा, शेतातला जाळ हे सगळं गॅसवाल्या घरातही येतंच. एका घराची हवा ही काही प्रमाणात गावाची हवा असते. दुसरं, धुराचा हिशेब पहिल्या वर्षात संपत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की दमछाकीच्या कायमच्या फुप्फुसविकाराचे, सीओपीडीचे, २५ ते ४५ टक्के रुग्ण कधीच न ओढणारे असतात, आणि त्यामागचं एक मोठं कारण चुलीचा धूर. ही दुखणी तीस वर्षांनी दिसतात. दीड वर्षाच्या प्रयोगात ती कशी दिसणार?

आणि याच जिल्ह्याने न्यूमोनियाबद्दल वेगळा धडा दिलेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८०च्या दशकाच्या शेवटी गडचिरोलीच्या १०२ गावांत प्रयोग केला: ५८ गावांत गावातलीच माणसं, दायासुद्धा, बाळाचे श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकली. आकडे न येणाऱ्यांसाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधं उपकरण केलं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० श्वास, वर्षाखालच्याचे ५०, त्यापुढे गेलं की औषध सुरू. इतर ४४ गावांच्या तुलनेत न्यूमोनियाचे मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी भरले. निबंध १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. चूल तशीच होती. मृत्यू थांबवायचा असेल तर श्वास मोजणारी बाई गावात आधी हवी, हे यातून उघड आहे, आणि मी गॅसचा कैवार घेताना ती जागा गॅसला देणार नाही. पण ज्या मुलाला औषधाने वाचवलं ते त्याच खोलीत परत जातं. खोली तशीच ठेवायला औषध हे कारण होऊ शकत नाही.

पानं इथली

एक विसंगती वगळली तर लेख खोटा ठरेल. भामरागडच्या हातात वर्षातून एकदा रोख पैसा येतो तो मे महिन्यात, तेंदूच्या पानांचा. पहाटे जंगलात जायचं, कोवळं पान खुडायचं, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या वनहक्क आणि पेसा कायद्यांनंतर अनेक ग्रामसभा स्वतःच लिलाव करतात आणि भाव पूर्वीपेक्षा बरा मिळतो. ही पानं विडीची. विडीचा धूर दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या बंद खोलीत, दुसऱ्या कुणाच्यातरी बायकोपोरांच्या छातीत जातो. व्हेपवर बंदी आली, विडीला हात लागला नाही, त्या विसंगतीची एक कडी या जंगलात आहे. तेंदू तोडणाऱ्याला यासाठी दोष देणं हा निव्वळ ढोंगीपणा होईल. पर्याय उभा केल्याशिवाय तो रोजगार काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण या पैशाची वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. हातात पैसा मेअखेर, आणि धुराची कोंडी जूनअखेर.

मे महिन्यातला ट्रक

शासनाला पावसाळा कळत नाही असं नाही. नवसंजीवनी योजनेखाली संपर्क तुटणाऱ्या गावांत रेशनचं धान्य पावसाळ्याआधीच पोचवून ठेवण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालू आहे. ट्रक जातो, गोदामात पोती लागतात, नोंद होते. त्याच ट्रकमागे सिलिंडरची गाडी का जात नाही, याचं उत्तर शोधलं तर ते पैशात सापडत नाही, नियमांच्या बारीक अक्षरात सापडतं. २०२४ मध्ये महाराष्ट्राने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली: उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीण योजनेच्या घराला वर्षाला तीन सिलिंडर मोफत. पावसाळ्यापुरता सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा म्हटलं तर तीन सिलिंडर भामरागडच्या घराला जवळपास पुरतात. पण एका महिन्यात एकापेक्षा जास्त सिलिंडरला अनुदान नाही, ही अट आहे. मुंबई-पुण्यात ती बरोबर, काळाबाजार रोखते. भामरागडात ती मे महिन्यात एक सिलिंडर देते आणि उरलेली दोन पुराच्या पलीकडे ठेवते. शिवाय उज्ज्वलाच्या घराकडे रिकामी टाकी एकच असते; ती परत दिल्याशिवाय भरलेली मिळत नाही, आणि दुसऱ्या टाकीसाठी वेगळी अनामत लागते. म्हणजे सगळे पैसे, सगळं अनुदान हाताशी असलं तरी साठा करण्याची सोयच नाही.

यावर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं जिल्ह्याच्या पातळीवर सुरू होऊ शकतं. पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांची यादी धान्यासाठी तयार आहेच. तीच गॅससाठी वापरावी. त्या गावांपुरती महिन्याची अट उठवावी आणि तीनही सिलिंडर मेमध्येच द्यावीत. दुसरी टाकी अनामतीशिवाय द्यावी, किंवा पाच किलोच्या लहान टाक्या द्याव्यात. त्या डोक्यावरून नाला ओलांडू शकतात. साठवणुकीसाठी सुरक्षेचे नियम आहेत, त्यांतून वाट काढावी लागेल. गावाबाहेरचं उघडं शेड, कुंपण, ग्रामसभेची जबाबदारी. तेंदूच्या पैशातून ज्या ग्रामसभा गावाची कामं करतात त्यांना या शेडचा खर्च जड नाही. गॅस पोचेल तोवर आणि पोचल्यावरही चुलीवरचा भात राहणारच, तेव्हा पावसाआधी लाकूड आडोशाला रचणं, वळचणीखाली जागा मोकळी सोडणं, झोपाळ्यातलं मूल चुलीच्या बाजूला न बांधता दाराच्या बाजूला बांधणं, हे आशाताईंना सांगता येईल. त्या घरोघर जातातच. आणि मोजायचं काय हेही बदलायला हवं: जोडण्या किती दिल्या याऐवजी जुलै-ऑगस्टमध्ये किती टाक्या रिकाम्या झाल्या. तो आकडा वितरकाच्या वहीत असतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत धान्यसाठ्याच्या तक्त्याशेजारी त्याला एक रकाना मिळाला, की तालुक्याच्या पुरवठा निरीक्षकाला मे महिन्यात फोन येऊ लागतील.